सासूबाईंच्या हातात पाटल्या दिसत नाहीत. नाताळात सगळे जमल्यावर विचारायचं का?

पिंपरीची धाकटी

सर्वांना ख्रिस्तात सलाम. इथे बरेच दिवस नुसतं वाचते आहे, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली.

माझं सासर नगरचं. (आता अहिल्यानगर, पण घरात सगळे नगरच म्हणतात.) सासूबाई शाळेत शिक्षिका होत्या. आता चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत, पेन्शन मिळते, डोकं अगदी शाबूत आहे. घर त्यांच्या नावावर. थोरले दीर, जाऊबाई आणि पुतणी त्यांच्यासोबत राहतात. आम्ही पिंपरीला, नणंद नाशिकला.

सासूबाईंच्या हातात कायम दोन पाटल्या असायच्या. त्यांच्या आईने लग्नात घातलेल्या. फळ्यावर लिहिताना त्या मनगटावरून कोपराकडे घसरायच्या आणि बाई हात झटकून परत खाली आणायच्या, हे माझे मिस्टर अजून करून दाखवतात. ऑक्टोबरात नगरला गेलो तेव्हा दोन्ही हात मोकळे होते. मी स्वयंपाकघरात जाऊबाईंना विचारलं, "आईंच्या पाटल्या कुठे?" त्या म्हणाल्या, "काढून ठेवल्यात," आणि लगेच मुलांना जेवायला हाका मारायला लागल्या. माझ्याकडे बघितलंही नाही.

परत येताना मी हे गाडीत मिस्टरांना सांगितलं. त्यांनी ते नणंदेला फोनवर सांगितलं. नणंद म्हणाली, "दादानेच मोडल्या असणार. पोरीला यंदा नर्सिंगला घातलंय, एवढी फी आणली कुठून?" त्या एका वाक्यानंतर आमच्या घरातलं वातावरणच पालटलं. मिस्टरांना आता जुन्या गोष्टी एकेक करून आठवतात. भाऊजींनी मागे पत्रे बदलले तेव्हा खर्चाचा आकडा सांगितला नव्हता. आईला बँकेत नेहमी तेच घेऊन जातात. एकदा आम्ही न कळवता गेलो तर भाऊजींचा चेहरा उतरला होता म्हणे. यातलं काहीही त्या वेळी कुणाला खटकलं नव्हतं. रोज रात्री आम्ही कुटुंबप्रार्थनेला बसतो, मिस्टर दादाच्या घरासाठी नाव घेऊन प्रार्थना करतात, आणि आमेन झालं की नाशिकचा फोन येतो आणि पुन्हा तोच विषय सुरू होतो. मुलगा आठवीत आहे, सगळं ऐकतो. परवा त्याने विचारलं, "मोठे पप्पा चोर आहेत का?"

आता दोघा बहीणभावांनी ठरवलंय की नाताळच्या दिवशी उपासना झाली, जेवणं झाली, की सगळ्यांसमोर विषय काढायचा.

माझा प्रश्न पाटल्यांचा नाही. मी मिस्टरांना म्हटलं, कोणाचे दोष काढू नका असं प्रभूने सांगितलंय. ते म्हणाले, "म्हणजे डोळे मिटून बसायचं? उद्या आईचं घरही जाईल." मला उत्तर देता आलं नाही. दोष काढू नका याचा अर्थ दिसलेलं न दिसल्यासारखं करायचं, असा आहे का? आणि तसा नसेल तर विश्वासणाऱ्या माणसाने अशा वेळी नक्की काय करायचं? "प्रार्थना करा" एवढंच उत्तर कृपया देऊ नका. प्रार्थना चालू आहे.

---

मिरजकर सिस्टर

धाकटीबाई, सलाम. मी निवृत्त परिचारिका आहे. नोकरीचा बहुतेक काळ शस्त्रक्रियेच्या वॉर्डात गेला, म्हणून आधी तिथली एक रीत सांगते, मग शास्त्राकडे वळते.

ऑपरेशनला नेण्यापूर्वी पेशंटच्या अंगावरचे दागिने उतरवून नातेवाइकाच्या ताब्यात देतात, वहीत नोंद करतात आणि सही घेतात. त्या नोंदीत सिस्टर "सोन्याच्या बांगड्या दोन" असं कधी लिहीत नाही. "पिवळ्या धातूच्या बांगड्या दोन" असं लिहायचं. पोलिसांच्या पंचनाम्यातही तसंच असतं. नव्या मुलींना याचं आश्चर्य वाटायचं. म्हातारी आजी स्वतः सांगते आहे सोनं आहे म्हणून, मग पिवळा धातू कशाला? तर डोळ्यांना दिसला तो पिवळा रंग. सोनं आहे की नाही ते सोनार सांगेल. सिस्टरने आपल्याला दिसलं तेवढ्याला सही करायची.

आता तुमच्या घरातली नोंद त्याच पद्धतीने लिहून बघा. सासूबाईंच्या हातात पाटल्या नव्हत्या. जाऊबाई "काढून ठेवल्यात" म्हणाल्या आणि मुलांना हाक मारली. पुतणी नर्सिंगला आहे. एवढंच. मोडल्या, दादाने मोडल्या, आईला न सांगता मोडल्या, चेहरा उतरला तो चोरी पकडली जाईल म्हणून उतरला, ही सगळी भर नंतरची आहे, आणि ती घालणारी माणसं त्या दिवशी त्या स्वयंपाकघरात नव्हती.

तुम्ही म्हणाल, सिस्टर, मग तुम्हाला काय वाटतं? म्हाताऱ्या माणसाचे हात सुजतात, दागिना रुततो, काढावा लागतो. उलट हात वाळले की पाटली आपोआप गळून पडते. चौऱ्याहत्तराव्या वर्षी दोन्ही शक्य आहे. पण हे मी मिरजेत बसून बोलते आहे. तुमच्या नणंदेने नाशिकहून एक अंदाज केला, मी मिरजेहून दुसरा केला. माझा अंदाज गोड आहे म्हणून तो खरा ठरत नाही. वाईट तर्काच्या जागी चांगला तर्क बसवणं म्हणजे विश्वास, असं पुष्कळ जण समजतात. मला ते पटत नाही. तर्क तो तर्कच.

आता तुमचा खरा प्रश्न. मत्तयाच्या सातव्या अध्यायात "दोष काढू नका" आहे, पण तिथेच थांबू नका, पाचव्या वचनापर्यंत वाचा. प्रभू म्हणतो, आधी आपल्या डोळ्यातलं मुसळ काढ, मग भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला स्पष्ट दिसेल. म्हणजे कुसळ काढायचंच आहे. डोळ्यात तसंच राहू द्या असं तो म्हणत नाही. फक्त ज्याला नीट दिसतं त्याने हात घालावा. आणि योहानाच्या सातव्या अध्यायात तोच प्रभू वरवर पाहून न्याय करू नका, यथार्थ न्याय करा असं स्पष्ट सांगतो. तेव्हा तुमच्या मिस्टरांचा प्रश्न रास्त आहे. डोळे मिटायला कोणी सांगितलेलं नाही.

मग करायचं काय? मला यावर सगळ्या पवित्र शास्त्रात यहोशवाचा बाविसावा अध्याय फार मोलाचा वाटतो, आणि त्यावर उपदेश क्वचितच ऐकायला मिळतो. रऊबेनी, गादी आणि मनश्शेचा अर्धा वंश हे इस्राएलाचे अडीच वंश भावांबरोबर लढाई संपवून यार्देन नदीपलीकडच्या आपल्या वतनाकडे परत निघाले. वाटेत नदीजवळ त्यांनी एक वेदी बांधली, दुरून दिसेल एवढी मोठी. बाकीच्या इस्राएलाच्या कानावर ते गेलं. परमेश्वराची वेदी एकच असताना यांनी दुसरी बांधली, म्हणजे हे फितूर झाले. सगळी मंडळी शिलो इथे जमली ती लढाईलाच निघायच्या तयारीने.

पण लढाईआधी त्यांनी माणसं पाठवली. याजकाचा मुलगा फिनहास आणि त्याच्यासोबत एकेका वंशाचा एक असे दहा सरदार. आता हा फिनहास कोण? गणनाच्या पंचविसाव्या अध्यायात लोक बआल-पौर या परक्या दैवताच्या नादी लागले त्या प्रकरणात भाला घेऊन तंबूत शिरला आणि दोघांना जागच्या जागी भोसकलं, तो हाच. असा माणूस इथे समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकून घेतो, हे मला फार मोठं वाटतं. त्याने गोड शब्दही वापरले नाहीत, बरं का. हा काय विश्वासघात केलात, असंच सरळ विचारलं. पण त्याच बोलण्यात एक वाक्य आहे: तुमचं वतन अशुद्ध असेल तर आमच्याकडे या, आमच्यात वतन घ्या. म्हणजे विचारायला गेलेले लोक आपल्या वाट्याची जमीन कमी करून घ्यायला तयार होते.

मग पलीकडचे बोलले. ही वेदी होमार्पणासाठी नाहीच. पुढे कधी तुमची मुलं आमच्या मुलांना म्हणतील की यार्देन मध्ये आहे, तुमचा परमेश्वराशी काय संबंध. तेव्हा दाखवायला साक्ष म्हणून बांधली. फिनहासाला ते पटलं, आणि लढाईची गोष्ट तिथेच थांबली.

यात माझ्या मनात सर्वांत खोल गेलेली गोष्ट अशी की वेदी खरंच होती. ऐकलेली बातमी खोटी नव्हती. डोळ्यांना दिसलं ते बरोबर होतं आणि त्याचा लावलेला अर्थ पूर्ण उलटा होता. बांधणाऱ्यांना तुटून पडण्याची भीती होती म्हणून बांधली, आणि बघणाऱ्यांना वाटलं की हे तोडायला निघाले.

म्हणून माझं सांगणं, नाताळच्या जेवणानंतर मुळीच नको. पंधरा माणसांच्या देखत विचारलेला प्रश्न आरोपच होतो, शब्द कितीही मऊ ठेवा. पुतणी समोर असेल. तिच्या शिक्षणाच्या फीचा उल्लेख तिच्यासमोर होणार, हे कुणाच्या लक्षात आलंय का? आधी जा. वेगळे जा, कमी माणसांनी जा. आणि जाण्यापूर्वी मिस्टरांना एकच विचारा: भाऊजींना खरंच पैशाची अडचण असेल आणि त्यापायी त्यांनी काही केलं असेल, तर आपण आपल्या खिशातून काही द्यायला तयार आहोत का? उत्तर "नाही" असेल तर अजून विचारायला जायची वेळ आली नाही असं मी समजेन.

तुमच्या मुलाला मात्र आजच उत्तर द्या. "आम्हाला माहीत नाही, आणि माहीत नसताना आम्ही बोललो" एवढं त्याच्या वडिलांनीच सांगितलं तर उत्तम.

---

उत्तर वसई

सिस्टरांचं वाचून बरं वाटलं. आम्ही कॅथलिक, तेव्हा आमच्याकडची थोडी भर घालतो.

संत इग्नाती लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात (ते 1548 मध्ये छापलं गेलं) सुरुवातीलाच, बाविसाव्या क्रमांकाला, एक नियम आहे. शेजाऱ्याच्या बोलण्याचा दोषी अर्थ काढण्यापेक्षा चांगला अर्थ लावायला प्रत्येक चांगल्या ख्रिस्ती माणसाने जास्त तयार असावं. चांगला अर्थ लागतच नसेल तर त्यालाच विचारावं की तुझं म्हणणं काय आहे. आणि तो खरोखर चुकत असेल तर प्रेमाने सुधारावं. आमचे एक फादर तरुण जोडप्यांच्या शिबिरात हा क्रम पाठ करून घ्यायचे. लोक पहिली पायरी ऐकतात आणि म्हणतात, हा भोळेपणा झाला. पण दुसरी पायरी विचारण्याची आहे आणि तिसरी सुधारण्याची. भोळा माणूस तिथपर्यंत जातच नाही.

हे लिहिणाऱ्या इग्नातींना स्वतःला 1527 मध्ये स्पेनमध्ये, आधी अल्काला आणि मग सलामांका इथे, शिकवणुकीच्या संशयावरून कोठडीत ठेवलं होतं. दोन्हीकडे चौकशी होऊन सुटले. लोक आपल्याबद्दल काहीतरी धरून चालले की काय होतं ते त्यांनी भोगलं होतं.

आमच्या 1992 च्या धर्मशिक्षण ग्रंथात, खोटी साक्ष देऊ नको या आज्ञेखाली, उतावळ्या न्यायाचा वेगळा उल्लेख आहे (परिच्छेद 2477). पुरेसा आधार नसताना शेजाऱ्याचा नैतिक दोष खरा धरून चालणं, आणि तेही मनातल्या मनात. तोंडातून शब्द गेला नाही तरी दोष लागतोच. ही आज्ञा आम्ही आठवी मोजतो, तुमच्याकडे नववी. मार्टिन ल्यूथर यांनीही 1529 च्या लहान प्रश्नोत्तरीत याच आज्ञेखाली शेजाऱ्याबद्दल चांगलं बोलावं आणि त्याच्या वागण्याचा चांगल्यात चांगला अर्थ लावावा असं लिहिलंय. इग्नाती आणि ल्यूथर, दोन माणसं इतक्या गोष्टींत एकमेकांच्या विरुद्ध होती, पण इथे एकाच ठिकाणी आली.

आमच्या घरी याचा उपयोग असा होतो. संध्याकाळी जपमाळ झाली की बायको आणि मी थोडा वेळ तसेच बसतो. आज कुणाबद्दल न विचारता काही ठरवून टाकलं का, एवढंच एकमेकांना सांगायचं. माझी आई आमच्याजवळ असते, वाडीत भावकी आहे, विहिरीवरून, बांधावरून रोज काही ना काही असतंच. बहुतेक वेळा उत्तर येतं, हो. मग दुसऱ्या दिवशी जाऊन विचारायचं. "काल तू हाक ऐकली नाहीस की काही मनात आहे?" एवढंच. बऱ्याच वेळा त्या माणसाने खरंच ऐकलेलं नसतं. कधी कधी मात्र मनात असतंही, आणि मग ते बोलून मोकळं होतं.

---

सोलापूरकर वकीलबाई

वरच्या दोघांबद्दल पूर्ण आदर ठेवून थोडं वेगळं लिहिते.

म्हाताऱ्या आईवडिलांच्या पैशांवर, दागिन्यांवर घरातलीच माणसं हात मारतात हे मी कामात बघते. ख्रिस्ती घरांतही बघते. आणि तिथे "वाईट विचार करू नये", "घरातली गोष्ट घरात" असं म्हणत सगळे गप्प बसलेले असतात. 2007 चा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा आहे. प्रांताधिकाऱ्यांच्या पातळीवरच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. सांभाळण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावावर केलं आणि त्याने सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून मागता येतं. ज्येष्ठांसाठी 14567 हा हेल्पलाइन क्रमांक आहे. हे सगळ्यांना माहीत असावं म्हणून लिहिलं. तुमच्या घरी तसंच आहे असं मी म्हणत नाही.

पण धाकटीबाई, तुमचा प्रश्न आणि दोन्ही उत्तरं वाचून मला एक गोष्ट खटकली. पाटल्या कोणाच्या? सासूबाईंच्या. डोकं शाबूत आहे असं तुम्हीच लिहिलंय. तुम्ही जाऊबाईंना विचारलंत, मिस्टरांना सांगितलंत, मिस्टरांनी नणंदेला सांगितलं. ज्यांच्या हातातल्या पाटल्या, त्यांना कुणी विचारलं का?

योहानाचा नववा अध्याय काढा. जन्मापासून आंधळा असलेला माणूस. त्याला पाहताच शिष्यांचा पहिला प्रश्न कोणता, तर पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? तो समोर बसलाय आणि हे त्याच्याबद्दल बोलताहेत. प्रभूने त्यांच्या प्रश्नातले दोन्ही पर्याय बाजूला सारले. प्रभूने बरं केल्यावर त्याला दिसायला लागलं, तरीही तेच चालू. शेजारी म्हणतात हा तोच, दुसरे म्हणतात नाही, त्याच्यासारखा दिसतो. परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहूदी, आईबापांना बोलावून विचारतात. शेवटी आईबाप म्हणतात, तो वयात आलेला आहे, त्यालाच विचारा, तो स्वतःबद्दल सांगेल. भीतीपोटी म्हणाले, पण बोलले ते अगदी बरोबर.

आपल्या घरांत म्हातारं माणूस असंच होऊन बसतं. त्याच्या औषधांबद्दल, पैशांबद्दल, झोपेबद्दल सगळे आपसात बोलतात. सासूबाईंनी चाळीसएक मुलांचा वर्ग सांभाळला असेल. त्यांना दोन पाटल्यांबद्दल विचारलेलं झेपेल. एकट्या असताना विचारा, भाऊजी-जाऊबाई घरात नसताना. खरंच काही दबाव असेल तर तोही तेव्हाच कळेल. आणि त्या म्हणाल्या की तुम्हाला काय करायचंय, तर तेही उत्तर म्हणून घ्या.

---

पिंपरीची धाकटी

वकीलबाई, तुमचं वाचून मी फोन खाली ठेवला आणि मिस्टरांना हाक मारली. त्यांनी सगळा धागा मोबाइलवर वाचला. सिस्टरांचा "आपण खिशातून द्यायला तयार आहोत का" हा प्रश्न वाचून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मुलाला बोलावून त्याच्याशी बोलले. काय बोलले ते मी ऐकलं नाही.

गेल्या शनिवारी आम्ही दोघंच नगरला गेलो. भाऊजी कामावर होते, जाऊबाई महिला मंडळाच्या सभेला निघाल्या होत्या. आई ओसरीत नाताळच्या करंज्यांसाठी खोबरं किसत बसल्या होत्या. मिस्टरांनी सरळ विचारलं, "आई, तुझ्या पाटल्या दिसत नाहीत. कुठे आहेत?"

आई म्हणाल्या, "मोडल्या. मीच. सोनाराकडे मीच गेले होते, सूनबाईला बरोबर घेऊन." पुतणीला नर्सिंगला जायचं होतं, भाऊजी म्हणत होते एक वर्ष थांब, तोवर पैसे जमतील. आई म्हणाल्या, "माझ्या आईने मला शिकू दिलं म्हणून मी बाई झाले. तिच्या पाटल्या तिच्या पणतीच्या शिक्षणाला गेल्या. हातात ठेवून मला काय करायचं होतं?" भाऊजींनी नको म्हटलं होतं. दोन दिवस आईशी बोलले नाहीत म्हणे. आणि आईंनीच जाऊबाईंकडून वचन घेतलं होतं की कुणाला सांगायचं नाही. नाशिकच्या मुलीला कळलं तर ती म्हणेल, माझ्या मुलांना काय दिलं. नाताळ झाल्यावर आपण स्वतः सगळ्यांना सांगू, असं त्यांच्या मनात होतं.

म्हणजे नणंदेचा अंदाज अर्धा बरोबर निघाला. पाटल्या मोडल्या हे खरं, फीला गेल्या हेही खरं. सिस्टरांनी लिहिलं तसं, वेदी होती. जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं नाही, कारण त्यांना खोटं बोलायचं नव्हतं आणि वचनही मोडायचं नव्हतं. त्या शनिवारी सभेहून परत आल्या तेव्हा आईंनी त्यांना सांगितलं, "यांना कळलंय, तू आता मोकळी." जाऊबाई रडल्या. ऑक्टोबरापासून माझ्याशी फोनवर बोलायचं टाळत होत्या, मी पुन्हा विचारीन म्हणून.

भाऊजी संध्याकाळी आले. मिस्टर त्यांच्यासोबत बाहेर पडले, पेट्रोल भरायच्या निमित्ताने. पुढच्या वर्षाच्या फीतला काही भाग आम्ही द्यायचा असं ठरवून आले. भाऊजी आधी नाही म्हणाले, मग हो म्हणाले. उसने म्हणून घेईन, म्हणाले.

पण सगळं सुरळीत झालं असं लिहिणार नाही. नाशिकला अजून कुणी काही सांगितलेलं नाही, आणि आईंना जी भीती होती ती खरी आहे असं मलाही वाटतं. नणंदेचा संशय चुकीचा ठरला तरी तिचं दुःख राहणारच. ती या घरातली एकुलती एक मुलगी. पाटल्या कधीतरी आपल्या हातात येतील असं तिने धरलं असेल, आणि तसं धरण्यात काही पाप नाही. आमचे मिस्टर म्हणतात, मी फोन करून सांगतो की दादाने काही केलेलं नाही. मला वाटतं तसं केलं तर ती एकटी पडेल. तिला कळेल की आम्ही तिच्याशिवाय जाऊन आलो. नाताळ दहा दिवसांवर आलाय. काय करू?

---

मिरजकर सिस्टर

फोन नको, आणि तुमच्या मिस्टरांनी तर मुळीच नको. पाटल्या आईंच्या, सांगायचं त्यांनीच. वकीलबाईंनी जे त्यांच्याबद्दल लिहिलं तेच आता नणंदेलाही लागू आहे. तिच्याबद्दल तिच्या पाठीमागे ठरवू नका.

ती रागावेल हाही आपण धरून चाललेलाच अंदाज आहे. आईंचा आहे, तुमचा आहे, आणि मी ओळखतही नसताना माझाही होऊ पाहतोय. तिला स्वतः बोलू द्या. जमलं तर आईंना नाताळच्या आधी नाशिकला घेऊन जा. नगरहून गाडीने एका दिवसात जाऊन येता येतं. मायलेकींना एका खोलीत बसू द्या आणि तुम्ही दोघं मुलांना घेऊन बाहेर जा. रागावली तर रागावू द्या, आईसमोर रागावण्याचा तिला हक्क आहे. "दादाला चोर ठरवलंस" हे वाक्य कुणीही तोंडातून काढू नये, मस्करीतही नाही.

हन्नाची गोष्ट आठवत असेल. पहिलं शमुवेल, पहिला अध्याय. ती मनात प्रार्थना करत होती, पण नुसते ओठ हलताना बघून एली याजकाने तिला प्यालेली ठरवलं. तिने सांगितलं, मी दुःखी आहे, परमेश्वरापुढे मन मोकळं करते आहे. त्यावर म्हाताऱ्या याजकाने स्वतःची बाजू मांडली नाही, दुरून तसंच दिसलं असंही म्हणाला नाही. शांतीने जा, इस्राएलाचा देव तुझं मागणं पुरं करो, म्हणाला आणि तिला आशीर्वाद देऊन वाटेला लावलं. नणंद जेव्हा म्हणेल की मला वेगळंच वाटलं होतं, तेव्हा तुमच्या मिस्टरांनी एलीसारखं लगेच पुढे जावं. तिच्याकडून कबुली वदवून घेत बसू नये.

आणखी एक. आईंचे हात सुजतात का, वाळलेत का, ते एकदा नीट बघा. पाटल्यांचा विषय संपला, पण चौऱ्याहत्तराव्या वर्षी बघायला हवं.

---

पिंपरीची धाकटी

मंगळवारी आईंना घेऊन नाशिकला जातोय. आईंना विचारलं, त्या हो म्हणाल्या. जाऊबाईंना पण चला म्हटलं, पण त्यांनी आईंनाच विचारलं आणि मग घरी थांबायचं ठरवलं, चकल्या राहिल्यात म्हणून. नणंदेला फक्त एवढंच कळवलंय की आई तुला भेटायला येते आहे. ती म्हणाली, "का, काय झालं?" मी म्हटलं, आईच सांगतील.

हात बघितले, सिस्टर. उजव्या बोटांना सकाळी थोडी सूज असते. मंगळवारनंतर डॉक्टरांकडे नेणार.

---

उत्तर वसई

मंगळवारी संध्याकाळच्या जपमाळेत तुमचं घर असेल. नाशिकच्या ताईंचंही.